गळवाली मेहरबी

मरळ गळाला लागली की ती मासा उरत नाही, सांड होते. सरळ पळत नाही ती. आधी बुडी मारते, मग काठच्या लव्हाळ्यात शिरते, डोर बुंध्याला गुंडाळते आणि तिथून असा हिसडा देते की कच्च्या माणसाच्या तळहाताची कातडीच डोरीबरोबर निघून जाते. मेहरबीच्या दोन्ही तळहातांवर तसल्या पांढऱ्या रेघा होत्या. मंगरूळपीरच्या बाजारात तिच्या दुकानी गादी भरायला टाकणाऱ्या बाया त्या रेघा पाहून विचारायच्या, "हे काय झालं, भाबी?"

"मासळीनं लिहिलं," ती सांगायची आणि पुन्हा कापसावर बांबू हाणायला लागायची.

गाद्या-रजयांचं दुकान तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, सादिकचं. सादिक पिंजणीच्या मशीनवर, मेहरबी सुईवर आणि बांबूवर. पन्नाशी उलटलेली, अंगानं रुंद, आवाजानं त्याहून रुंद. तिचे अब्बा कारंज्याला कापसाच्या गोदामावर चौकीदार होते. त्यांना मुलीच मुली. त्यातल्या थोरलीला त्यांनी गळ टाकायला शिकवलं, कारण सुट्टीच्या दिवशी तळ्यावर सोबत कुणी तरी हवंच होतं. त्या माणसाच्या बोलण्यात अर्धी मासळी आणि अर्धी दुनियादारी असायची. "डोर ताणली की ढील दे. ढील पडली की ओढ. दोघांनी एकदम ओढलं की तुटतं, मग ती डोर असो की घर असो." असलं काहीबाही. मेहरबीला ते सगळं पाठ होतं. पटलेलं मात्र थोडंच होतं, कारण ढील देणं तिच्या स्वभावात नव्हतं.

दुकान बंद असेल त्या दिवशी सादिक तिला स्कूटरवर तळ्यावर सोडायचा आणि दिवस कलला की न्यायला यायचा. बुरखा घडी करून पिशवीत, ओढणी कमरेला घट्ट, हातात बांबूची लांब काठी. बाजारात लोक हसायचे. सादिकही आधी हसायचा. मग एकदा तिनं आणलेल्या मरळीचं कालवण खाल्लं आणि हसणं सोडून दिलं.

तळ्याकाठी ज्यांचं शेत होतं त्या बबनरावांशी तिची ओळख रक्तानंच झाली.

बबनरावांना वाटलं, ही कुणीतरी बाई आपल्या शेताच्या धुऱ्यावरून येऊन तूर तुडवते. ते तणतणत आले आणि एक शब्द न बोलता त्यांनी तिच्या हातातली काठी हिसकली. डोर सुटली, गळ हवेत फिरला आणि त्यांच्या अंगठ्याच्या बुडाशी मांसात शिरला. पार आत, काट्याच्या उलट्या दातासकट. ते बोंबलले आणि गळ उपसायला लागले.

"ओढू नका!" मेहरबीनं त्यांच्या मनगटावर फाडकन चापट मारली. "ओढाल तं मांसाचा लोथडा बाहेर येईन!"

"मंग काय हातातच ठेवू?"

"पुढं ढकला लागते. ज्या वाटेनं आला त्या वाटेनं तो वापस जात नाई." तिनं त्यांचा हात गुडघ्याखाली दाबला, गळ धरला आणि पुढं रेटला. कातडी फुगली, फाटली, टोक बाहेर आलं. बबनरावांच्या ओरडण्यानं काठचे बगळे उडाले. तिकडून त्यांची बायको रुख्मिणी निंदणं सोडून खुरपं घेऊन धावत आली, कारण तिला वाटलं मालकाचा खून होऊन राह्यला. तोवर मेहरबीनं पकडीनं दात कापून गळ मोकळा केला होता आणि जखमेवर हळद दाबत होती.

"ही कोण बाई हाये?" रुख्मिणी खुरपं उगारून म्हणाली.

"डॉक्टर हाये," बबनराव घाम पुसत म्हणाले. "जनावराची असन, पण हाये डॉक्टर."

त्यानंतर ते तिच्याशेजारी बसायला लागले. आधी नुसते बघायला, मग स्वतःची काठी घेऊन. त्यांना घाई फार. मासा टोचला की लगेच ओढायचे आणि रिकामा गळ हवेत नाचायचा. "तो चाखून राह्यला, भाऊ," मेहरबी म्हणायची. "चाखणाऱ्याले मारता येत नाई. गिळू द्या." रुख्मिणी दुपारची भाकरी आता तिघांची आणायची.

श्रावणात एक दिवस लव्हाळ्याजवळ पाण्यावर लालसर ढग फिरताना दिसला. मरळीची पिल्लं. बोटाच्या पेराएवढी, हजारो, एकाच गोळ्यात वरखाली होत होती, आणि त्यांच्या खाली नर-मादीची जोडी काळ्या सावलीसारखी. बबनरावांचे डोळे चमकले. त्यांनी गळाला बेडूक लावला.

"तो काढा," मेहरबी म्हणाली.

"काहून? एवढी मोठी हाये! बेडूक पडला की झडपच घालते आता."

"झडप घालनच. भुकेनं नाई, लेकरासाठी घालन. आईबाप उचलले की ती सगळी पिल्लं सांजेपर्यंत दुसऱ्याच्या पोटात जातात. तिच्यावर गळ नाई टाकायचा. काढा तो बेडूक, नाई तर मी तुमाले पाण्यात ढकलीन."

बबनरावांनी बेडूक काढला. ती ढकलेल, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

त्याच दुपारी गोलू आला.

गोलू बबनरावांच्याच गावचा. विहिरी खोदताना खडक फोडायला सुरुंग लावणाऱ्या ट्रॅक्टरवर तो कामाला होता. तिशीचा, काटक, सदा दोन घोट घेतलेला. कामावरून जिलेटीनच्या कांड्या चोरायच्या आणि तळ्यात फोडून मासे गोळा करायचे, हा त्याचा जोडधंदा. बबनरावांना हे ठाऊक होतं. मेहरबीनं ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं.

तो पलीकडच्या काठावर उतरला, विडीनं वात पेटवली आणि कांडी लव्हाळ्याच्या बाजूला भिरकावली.

जमीन आधी हादरली, आवाज मागून आला. पाण्याचा खांब उभा राहिला आणि चिखल, गवत, शेवाळ होऊन दोघांच्या डोक्यावर कोसळला. मेहरबीच्या कानात नुसती शिट्टी वाजत होती. पाणी खाली बसलं तेव्हा तळं पांढरं झालं होतं. उलटे पडलेले मासे, फुटलेली पोटं, बाहेर आलेली आतडी. मरळीची मादी अर्धी तुटून काठाला लागली होती आणि तिचं तोंड अजून उघडझाप करत होतं. लाल ढगाच्या जागी काहीच नव्हतं. नुसता गुलाबी फेस.

गोलू कमरेइतक्या पाण्यात शिरून मोठे मासे पोत्यात भरायला लागला.

मेहरबी काठाकाठानं चालत गेली. बबनराव मागून "भाबी, राहू द्या, तो बेवडा हाये" म्हणत होते. ती थांबली नाही. गोलूनं वर पाहिलं आणि दात काढले.

"काय पायजे बुढे? घे, दोन घे. तुह्या गळाले वर्षभर लागनार नाई एवढी हायेत."

मेहरबीनं काठी फिरवली. बांबूची लवचीक काठी चाबकासारखी त्याच्या तोंडावर बसली. कान फाटला, गालावर रक्ताची रेघ उमटली. तो ओरडला तेव्हा तिनं दुसरा मारला, खांद्यावर. कापसावर आयुष्यभर हाणलेला हात होता तो.

मग त्याची पाळी आली. तो पाण्यातून उसळून वर आला. मध्ये पडलेल्या बबनरावांच्या तोंडावर त्यानं ठोसा मारला आणि ते चिखलात आडवे झाले. त्यानं तिच्या हातातली काठी मोडली, तिला झिंज्या धरून खाली पाडलं, आणि काठावरच्या आपल्या पिशवीतला लोखंडी पाना काढला. तिचा डावा हात दगडावर पसरला होता. त्यानं पाना त्या हातावर मारला. एकदा. मग आणखी एकदा.

"आता टाक गळ," तो धापा टाकत म्हणाला. "टाक आता, रांडे."

पोतं उचलून तो गेला. मेहरबी रडली नाही. ती आपल्या हाताकडे बघत राहिली. बोटं कुठल्याही दिशेला वळलेली होती आणि तिला ती दुसऱ्याच कुणाची तरी वाटत होती.

तीन बोटं मोडली होती. ती जुळली, पण वळायची थांबली. हात पंजासारखा ताठ राहिला. पोलिसांत तक्रार झाली, गुन्हा नोंदवला गेला, गोलू जामिनावर सुटला.

सादिक दुकान सांभाळत होता. पेटला तो तिच्या बहिणीचा मुलगा शादाब. मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा, तापट, खालावर जीव टाकणारा. मेहरबी दवाखान्यातून घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानासमोर मोटारसायकली जमल्या. पोरांच्या हातात सळया होत्या. कुणीतरी कुणाला फोनवर सांगत होतं की त्या गावाला आज दाखवून देऊ.

मेहरबी प्लास्टरातला हात छातीशी धरून बाहेर आली.

"कुठं चालला?"

"तुमी अंदर जा, खाला. आज त्याचे दोनी हात तोडून आणतो."

"त्याचे तोडशील की गावाचे?"

"जो मधात येईन त्याचे."

"मधात तं बबनराव येतीन. माह्यासाठी चिखलात पडलेला माणूस हाये तो. त्याचेही तोडशील?"

"खाला, ते लोक..."

पुढचा शब्द निघायच्या आत तिनं उजव्या हातानं त्याच्या कानशिलात अशी लगावली की तो मोटारसायकलसकट कलला. सगळा बाजार थबकला.

"ते लोक नाई. तो गोलू. हात माहा तोडला. मार मी खाल्ला, मारला बी मी. हे भांडण माहं अन् त्याचं हाये. याच्यात तुमी सळया घेऊन घुसले, तं उद्या आगी लागतीन, अन् माह्या हाताचं नाव बी कोनी घेनार नाई." तिचा आवाज फाटला. "ज्याले जायचं हाये त्यानं जा. पण आधी माह्या अंगावरून गाडी ने."

कुणी गाडी नेली नाही. शादाब गाल धरून उभा राहिला, मग दुकानात शिरून त्यानं सळई कोपऱ्यात फेकली आणि लहान मुलासारखा हमसून रडला. सादिकनं त्याला पाणी दिलं. मेहरबी ओट्यावर बसून राहिली. खरं तर गोलूचे हात तुटावेत असं तिला शादाबहून जास्त वाटत होतं. प्लास्टर निघाल्यावर रोज सकाळी बोटं हलवायचा प्रयत्न करताना ती मनात गोलूला मारायची, वेगवेगळ्या तऱ्हेनं.

हिवाळा सरल्यावर ती पुन्हा तळ्यावर गेली. काठी डाव्या काखेत दाबायची आणि उजव्या हातानं डोर सांभाळायची, असं तिनं बसवलं होतं. मासे सुटायचे फार. बबनरावांचा एक दात पडला होता, त्यामुळे त्यांचे शब्दही सुटायचे.

वैशाखात तळं आटून मधोमध डबक्यासारखं राहिलं. मासा सगळा तिथंच कोंडलेला. गोलू त्यासाठीच आला. त्यानं यांच्याकडे पाहिलं, थुंकला आणि आपल्या काठावर उकिडवा बसला. वात आखूड होती, की दारूनं हात हलला, ते कुणालाच कळलं नाही. त्यानं विडी टेकवली, हात मागं नेला, आणि कांडी हातातच फुटली.

धूर विरला तेव्हा गोलू गुडघ्यांवर होता. उजव्या मनगटापुढं काही नव्हतं. तिथून रक्त चिळकांड्यांनी उडत होतं, एका बाजूचा चेहरा काळा होता आणि तो न ओरडता पाण्याकडे बघत होता. पाण्यात मांसाचे तुकडे पडले होते आणि कोंडलेले मांगूर मासे त्यांच्यावर तुटून पडले होते. मग त्याला ते दिसलं, आणि तो ओरडला. तसं ओरडणं मेहरबीनं कधी ऐकलं नव्हतं, जनावराचंही नाही.

ती उठली. बबनरावांनी तिचा पदर धरावा तशी ओढणी धरली.

"मरू द्या त्याले, भाबी."

ती थांबली. हे नंतर तिनं फक्त सादिकला सांगितलं, की ती थांबली होती. तिला बरं वाटत होतं. पोटातून गरम, गोड काहीतरी वर चढत होतं आणि तिनं ते चढू दिलं. मग गोलू तोंडावर पालथा पडला, आणि त्या पडण्यात काय होतं कोण जाणे, तिनं हिसडा देऊन ओढणी सोडवली.

"मले तो मेलेला पाह्यचा होता," ती सादिकला म्हणाली. "पण मरताना पाहू नाई शकली."

तिनं ओढणी त्याच्या दंडाला आवळली. एका ताठ हातानं गाठ बसेना, म्हणून दुसरं टोक दातांत धरलं. काठीचा तुकडा गाठीत घालून पिळला, इतका की गोलू शुद्धीवर येऊन तिला चावला. खरोखर चावला, दंडाला. तिनं त्याच्या छातीवर गुडघा ठेवला आणि पीळ आणखी आवळला. रक्त थांबलं. "बबनराव, गाडी!" ती गरजली, आणि बबनराव, ज्यांनी मरू द्या म्हटलं होतं, अनवाणी रस्त्याकडे पळाले.

पिकअपच्या हौद्यात सारा रस्ता तिनं तो पीळ धरून ठेवला. गोलू मध्येच तिच्याकडे बघत होता. एक डोळा गेला होता, दुसऱ्यानं.

"काहून?" तो पुटपुटला.

"चूप ऱ्हाय," ती म्हणाली. "बोलला की रक्त जाते."

तो वाचला. आणि तिनं त्याला वाचवलं म्हणजे आता सगळं मिटलं, असं गावानं परस्पर ठरवून टाकलं.

गोलूची बायको निकिता दुकानी आली. कडेला लेकरू, डोळे सुजलेले. ती मेहरबीच्या पायांवर वाकली.

"मावशी, तुमी त्याले जीवदान देलं. आता ती मारहाणीची केस बी वापस घ्या. देवानं त्याले शिक्षा देली ना. हातच नेला."

मेहरबीनं तिला उठवलं, पाणी दिलं, लेकराच्या हातात बिस्कीट दिलं.

"त्याचा हात त्याच्या सुरुंगानं नेला, बाई. माहा हात त्यानं नेला. हे दोन अलग हायेत."

"पण तुमीच तं वाचवलं!"

"वाचवलं म्हून माहीं बोटं वळाले लागली का?" तिनं पंजा पुढं केला. निकितानं तो पाहिला आणि मान खाली घातली. "तुले कायी लागलं तं माह्या दारात ये. लेकराले घेऊन ये. पण मी जे झालं ते सांगनार हाये."

सांगणारी ती एकटीच उरली. तारखेच्या आदल्या दिवशी बबनराव आले आणि दारातच उभे राहिले. गावात त्यांना राहायचं होतं, गोलूच्या भावांच्या शेतातून त्यांची वाट होती. शेवटी म्हणाले, "भाबी, मी तं चिखलात पडलो होतो. मले काई दिसलं नाई, असं सांगतो."

मेहरबी शिवत होती ती शिवतच राहिली. सुई बोटात गेली तरी तिनं मान वर केली नाही. ते गेले.

कोर्टात तिच्या वकिलानं बजावलं होतं, विचारतील तेवढंच बोला. तिला विचारलं गेलं, आरोपीनं काय केलं. ती म्हणाली, "साहेब, आधी मी मारलं."

वकिलानं कपाळाला हात लावला.

"काठीनं मारलं, तोंडावर. त्याचा कान फाटला तो माह्यानं. दुसरा बी मारला. त्याच्यासाठी मले जे द्यायचं ते द्या. मंग त्यानं मले पाडलं अन् पान्यानं माहा हात फोडला. पह्यल्या घावात मी पडलेलीच होती. दुसरा घाव त्यानं कायले मारला, ते मले अजून समजलं नाई. तेवढं त्याले विचारा."

गोलू पलीकडे उभा होता. रिकामी बाही खिशात खोचलेली. त्याचा वकील उठून म्हणत होता की साक्षीदार कुणी नाही, बाईनं स्वतः हल्ला कबूल केला आहे. गोलूनं त्याला मध्येच तोडलं.

"मारला मी," तो म्हणाला. वकिलानं त्याला खुणावलं, पण तो तिकडे बघतच नव्हता. "खाला खोटं नाई बोलली. दुसरा मारला कारन पह्यला मारून बरं वाटलं होतं. दुसरं कारन नाई."

ते बरं वाटणं मेहरबीला माहीत होतं. तळ्याकाठी बबनरावांनी ओढणी धरलेली असताना तिनं ते चाखलं होतं.

त्याला शिक्षा झाली. तिला समज मिळाली. बाहेर पायऱ्यांवर शादाबनं विचारलं, "खाला, खुश?" ती म्हणाली, "भूक लागली," आणि स्कूटरवर बसली. घरी जाऊन ती जेवली, झोपली आणि कितीतरी दिवसांनी स्वप्नात कुणाला मारलं नाही.

निकिता आता तिच्या दुकानात रजया शिवते. टाका बारीक आहे तिचा. दोघी गोलूबद्दल बोलत नाहीत.

निकालानंतरच्या पहिल्या पावसानं तळं भरलं. मासा अजून लहान होता, गळाला लागण्याजोगा नव्हता, तरी मेहरबी जाऊन बसली. रुख्मिणी दुपारी भाकरी घेऊन आली, ठेवून लगेच गेली. बऱ्याच वेळानं मागं चिखलात पावलं वाजली. बबनराव होते, हातात आपली काठी, येऊ की नको अशा बेतात. ते तिथंच उभे राहिले. मेहरबीनं वळून पाहिलं नाही. तिनं डोर जरा ओढली, जरा सोडली. मग ओठ न हलवता म्हणाली,

"बसा खाली. सावली पडून राह्यली तुमची पान्यात."